नवं लाकूड

आल्डरचं लाकूड कापल्या कापल्या पांढुरकं असतं. हवा लागली की बघता बघता शेंदरी होतं, आणि मग हळूहळू तपकिरीकडे जातं. गेल्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सॉक नदीच्या एका वळणावर, करड्या-हिरव्या पाण्याच्या वर, तो शेंदरी रंग मला लांबूनच दिसला. नोव्हेंबरातल्या वादळात उजव्या काठावरचं एक आल्डर मुळासकट नदीत आडवं झालं होतं. बुंधा काठाला आणि शेंडा पार डावीकडच्या गोट्यांच्या पट्ट्याला टेकलेला. हिवाळाभर आम्ही त्या वळणाच्या आधी डावीकडे काठाला लागायचो, कयाक, म्हणजे एकेकट्याची अरुंद नाव, खांद्यावर घ्यायचो, गोट्यांवरून ठेचकाळत झाडाला वळसा घालायचो आणि पलीकडे पुन्हा पाण्यात उतरायचो. त्या दिवशी मात्र झाडाच्या मधोमध राफ्ट जाईल एवढी खिंड होती. दोन्ही बाजूंना करवतीने कापलेली गोल तोंडं, अजून ओली. मी जोरात वल्हं मारलं आणि त्या खिंडीतून निघून गेले. खालच्या एडीत, म्हणजे काठालगतच्या उलट फिरणाऱ्या संथ पाण्यात, थांबून मागे पाहिलं तेव्हा आधी आनंदच झाला. उतरायचं नाही, वाहायचं नाही, ओल्या गोट्यांवर पाय मुरगाळायचा नाही. आणि त्या आनंदाला लागूनच काहीतरी टोचलं. ते अजून टोचतंय.

झाड कापलं कोणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

इकडे, सिएटलच्या उत्तरेला, कयाकवाले नोव्हेंबर लागला की एकमेकांना एकाच प्रकारचे निरोप पाठवायला लागतात. पाणी किती क्युसेक आहे ते घरबसल्या मोबाइलवर कोणालाही दिसतं, त्याचं अप्रूप नाही. निरोप असतो तो लाकडाचा. ‘अमुक पुलाच्या खाली, उजव्या हाताला, नवं लाकूड.’ बस, एवढंच. कधी सोबत एक धूसर फोटो, ज्यात पाऊस जास्त आणि नदी कमी. प्रशांत महासागरावरून आलेला पाऊस दोन-दोन दिवस सलग कोसळतो, उतारावरची माती पाणी पिऊन सैल होते, नदी काठ आतून पोखरते आणि आल्डर, कॉटनवुड, हेमलॉक, डग्लस फर अशी झाडं उभ्याची आडवी होऊन पाण्यात येतात. मोठ्या पुरात ती वाहायला लागतात. मुळांचा गड्डा जड, तो तळाला घासतो, म्हणून बहुतेक झाडं मुळं वरच्या अंगाला आणि शेंडा खालच्या अंगाला अशी प्रवास करतात आणि पाणी उतरलं की तशीच रुततात. मग त्या गड्ड्यात पुढचं झाड अडतं, त्याच्यावर तिसरं, त्यांच्या मधल्या फटींत फांद्या, साली, पाचोळा, एखादा प्लॅस्टिकचा पिंप. आठवड्यापूर्वी मोकळी असलेली वाट आज बंद असते. म्हणून ऑगस्टात पाठ असलेली नदी डिसेंबरात तीच असेल असं कोणी धरून चालत नाही. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी एकजण उतरून पुढे चालत जातो, बघतो, आणि वल्हं डोक्यावर आडवं धरलं की मागच्यांनी समजायचं: थांबा.

खडकाची भीती माझी तशी लवकर गेली. खडकावर पाणी आपटतं, वर फुगतं आणि बाजूला वळतं, त्या फुगवट्यावर नावही बाजूला ढकलली जाते. खडकाला भिडायची वेळ आलीच तर त्याच्याकडे झुकायचं, त्याला मिठी मारायची, की बऱ्याचदा सुटका होते. लाकडाचं तसं नाही. फांद्यांच्या जाळीतून पाणी सरळ आरपार जातं, फुगवटा येत नाही, काही ढकलत नाही, उलट ओढून नेतं. चहाच्या गाळणीत जे होतं तेच. फरक इतकाच की इथे चोथा आपण असतो. इकडे अशा झाडाला स्ट्रेनर म्हणतात, आणि पाण्याच्या जरा वर, मानेच्या उंचीवर आडव्या आलेल्या खोडाला स्वीपर. गणित करून पाहायची मला खोड आहे, म्हणून एकदा कागद घेतला. सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्यात, म्हणजे आपण भरभर चालतो त्याहून थोड्याच जास्त वेगात, माणसाच्या अंगाचा अर्धा चौरस मीटर भाग अडला तर त्यावर साधारण शंभर किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, चारशे किलो. आणि हा रेटा लाटेसारखा येऊन जात नाही, तो थांबतच नाही. चार माणसं काठावरून दोर ओढत असली तरी नदी थकत नाही आणि माणसं थकतात. शिवाय सॉकचं पाणी हिमनद्यांचं. ग्लेशियर पीकवरून येणारी व्हाइट चक नदी तिला मिळते तिथून पाणी दुधट होतं आणि हात आत घातला तर मिनिटाभरात बोटं आपली वाटेनाशी होतात.

नदीतल्या बचावाच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात की नावेतून पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, खालच्या दिशेला, आणि तरंगत जा. दिवसभर तेच घोकून घेतात. दुसऱ्या दिवशी नदीत एक जाडजूड पाइप आडवा बांधतात, हे लाकूड समजा म्हणतात, आणि आदल्या दिवशीचं सगळं उलटं करायला लावतात. लाकूड समोर दिसलं आणि बाजूने निसटायला जागा नाही असं कळलं, की पालथं व्हायचं, डोकं पुढे करायचं आणि ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच दिशेने जीव खाऊन पोहायचं. छातीने त्याच्यावर चढायचं, पोट घासत पलीकडे पडायचं. पाय खाली गेले की संपलं, ते आधी आत जातात आणि मग बाकीचं अंग. मी पाइपवर आपटले तेव्हा बरगड्यांतून कळ गेली होती आणि नाकातोंडात ते बर्फाचं पाणी. प्रशिक्षक काठावरून ओरडत होता, अजून जोरात, अजून जोरात. पाइप गुळगुळीत होता, त्याला फांद्या नव्हत्या. रात्री तंबूत पडल्यावर मला सारखं हेच सुचत राहिलं.

फांद्या असलेलं लाकूड पाहिलं होतं ते लहानपणी, रोह्याला. आमचं घर नदीच्या अंगाला. जुलैत कुंडलिका फुगली की शाळेला सुट्टी आणि सगळा गाव काठावर. पाणी गढूळ, लाल, त्यावर फेसाचे डोंगर, आणि त्यांतून मध्येच एखादं अख्खं झाड गिरकी घेत यायचं. पोरं ओरडायची, ‘आला, आला.’ दोराला लोखंडी आकडा बांधून चार-पाच जण तयारच असायचे. आकडा फिरवून फेकायचे, बसला तर काठावरच्या नारळाला दोराचे वेढे देऊन धरून ठेवायचे. जोराचा पूर असेल तर दोर तुटायचा, तळहात सोलून निघायचे, शिव्या आणि हसू एकदमच. धरलेलं लाकूड मग ज्यानं आकडा टाकला त्याचं. ते फोडून, वाळवून वर्षभर पुरायचं, चुलीला, न्हाणीघरातल्या बंबाला. पुराचं लाकूड नीट वाळलं तरी जळताना त्याला चिखलाचा वास यायचा आणि धूर डोळ्यांना झोंबायचा. आजीला ते आवडायचं नाही. ‘हात लावू नका गो त्याला, जनावर असतं त्यात,’ म्हणायची, आणि असायचंच. एकदा एका ओंडक्याच्या ढोलीतून धामण निघाली होती, भिजलेली, दमलेली, कोणालाही न घाबरता अंगणातून सरपटत गेली. आज विचार केला तर कळतं, पुरात बिळं बुडाल्यावर त्या धामणीला तेवढीच एक कोरडी जागा मिळाली असणार. तेव्हा आम्ही काठ्या शोधत होतो.

त्याच नदीवर, रोह्याच्या वर कोलाडला, आता राफ्टिंग चालतं हे तुम्हाला माहीतच आहे. माझा मामेभाऊ तिथे गाइड आहे. त्याच्या नदीत लाकूड नाही. म्हणजे पावसाळ्यात असतं, पण एरवी तिथे नाव चालते ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. मुळशीचं पाणी, जे खरं तर घाटावरून पूर्वेला जाऊन कुठल्या कुठे बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते १९२७ पासून बोगद्या-पाइपांतून सह्याद्री उतरून भिऱ्याला येतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत पडतं. सकाळी पाणी सुटलं की दहा-बारा किलोमीटर लाटा, दुपारनंतर गोटे उघडे. जाळ्यांतून आणि टर्बाइनमधून आलेल्या पाण्यात झाड कुठून येणार? काठावरचं एखादं करंज किंवा जांभूळ कललंच, तर संध्याकाळपर्यंत त्याचं सरपण झालेलं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात झाडांची जी दैना झाली ती मी इथून फोनवर पाहिली, आमच्या परसातला फणस मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर पडलेला, शेजारच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्या विस्कटाव्यात तशा. भाऊ म्हणाला नदीतही पडलीत पुष्कळ. पाऊस सरल्यावर विचारलं तर म्हणाला, ‘कधीच उचलली. ठेवतंय कोण?’ त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. नदीत पडलेलं झाड म्हणजे फुकटचं लाकूड किंवा अडचण, तिसरं काही असू शकतं हे मला सॉकपर्यंत यायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं.

सॉककडे जाणारा रस्ता ओसो गावावरून जातो. २२ मार्च २०१४ ला सकाळी तिथला डोंगर सुटला, खालची वस्ती आणि नदी दोन्ही गाडले गेले, ४३ माणसं गेली. रस्त्याच्या कडेला आता त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिथून जाताना गाडीत आपोआप गप्पा थांबतात. पुढे डॅरिंग्टन येतं, व्हाइटहॉर्स डोंगराच्या अगदी पायथ्याशी, लाकूडतोड्यांचं गाव. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतून लोक इथे तोडीच्या कामाला आले, त्यांनी आपली गाणी आणली, दर उन्हाळ्यात ब्लूग्रास संगीताचा महोत्सव भरतो. गावाच्या कडेला आरागिरणी, आणि तिच्या आवारात रचलेल्या ओंडक्यांच्या भिंती. पाऊस असला की त्या ओल्या फरचा राळेसारखा वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येतो. आमच्या टोळक्यातले सर्वांत जुने गृहस्थ याच गावचे, सगळा जन्म लाकडात गेलेला. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहायला बसले की ‘तो’ लिहवत नाही. ते नदीतलं झाड पाहिलं की आधी त्याची जात सांगतात, मग वय, मग ते पाण्यात किती टिकेल. आल्डर असेल तर हात झटकतात. पाच-दहा वर्षांत कुजून जाईल. सीडार असेल तर गप्प होतात, कारण सीडार आपल्या सगळ्यांनंतरही तिथेच असेल. त्यांच्या आज्याने, म्हणे, असे बुंधे पाहिले होते की एका बुंध्यावर अख्खं कुटुंब फोटोला उभं राहायचं. तशी झाडं आता काठावर फार थोडी. आता जी पडतात ती दुसऱ्या पिढीची, बारीक. ती पुरात तग धरत नाहीत, एका जागी न थांबता वाहत राहतात, आणि कयाकवाल्यांना नेमका त्याचाच ताप.

सॉक पुढे स्कॅजिट नदीला मिळते. स्कॅजिटवर, आजच्या माउंट व्हर्नन गावाजवळ, गोरे वसाहतवाले आले तेव्हा लाकडाचे दोन प्रचंड बांध होते, कोणी बांधलेले नाहीत, नदीनेच रचलेले. इतके जुने की त्यांच्यावर माती साचून झाडं उगवली होती आणि माणसं त्यांवरून चालत नदी ओलांडायची. नावा वर जाईनात म्हणून १८७०च्या दशकात लोकांनी ते हाताने, कुऱ्हाडी-करवतींनी फोडायला घेतले आणि काही वर्षांत फोडले. पुढे सरकारने त्यासाठी खास बोटीच ठेवल्या. त्यांतली शेवटची, डब्ल्यू. टी. प्रेस्टन, मागे मोठं चाक असलेली, १९२९ पासून १९८१ पर्यंत या नद्यांतले ओंडके उपसत होती. ती आता अ‍ॅनाकोर्टिसला जमिनीवर ठेवली आहे, तिकीट काढून बघता येते. मी गेले होते एका रविवारी. पुढच्या बाजूचा तो अवजड क्रेन, जाड साखळदंड, खलाशांच्या अरुंद खाटा. एका लहान मुलाने विचारलं, ‘ही बोट काय पकडायची?’ त्याचा बाप म्हणाला, ‘झाडं.’ मुलाचा विश्वास बसला नाही. बोट सुबक आहे, रंगवून लखलखीत ठेवली आहे, आणि मला ती मनापासून आवडली, हेही सांगायला हवं. रोह्याच्या काठावरचे आकडेवाले काका तिथे असते तर हरखून गेले असते.

गंमत अशी की नावांसाठी लाकूड काढून झाल्यावर माशांसाठीही काढलं. गेल्या शतकाच्या मध्याला मत्स्यखात्यांचीच अशी समजूत होती की लाकडाचे ढीग समुद्रातून अंडी घालायला नदीत येणाऱ्या सामन माशांची वाट अडवतात. म्हणून ओढे-नद्या ‘साफ’ करायच्या मोहिमा निघाल्या, साखळ्या लावून, ट्रॅक्टर लावून. साफ झालेल्या नद्या सरळ धावायला लागल्या, गोटे वाहून गेले, डोह भरले किंवा नाहीसे झाले, आणि मासे कमीच होत गेले. मग ऐंशीच्या दशकापासून उलटं शहाणपण आलं. १९९९ मध्ये इथल्या चिनूक सामनला धोक्यात आलेली जात म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि त्यानंतर तर नद्यांत लाकूड पुन्हा आणून टाकायला लागले. हेलिकॉप्टरने, क्रेनने, मुळासकट झाडं आणायची, तळात खुंट ठोकून एकात एक अडकवायची. याच राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये फोडली तेव्हा तिथल्या क्लालम या मूळ रहिवाशांनी नदीत असे ढीग आधीपासून रचत आणले होते. ज्या देशाने शंभर वर्षं बोटी बांधून लाकूड उपसलं तोच आता कंत्राटं काढून लाकूड रोवतो आहे. कयाकवाले या कंत्राटांच्या सुनावण्यांना जातात आणि म्हणतात, रोवा, पण आंधळ्या वळणावर नको, वेगाच्या धारेत नको, जिथे आम्हाला आधी दिसेल आणि उतरायला काठ असेल तिथे रोवा. मला ही मागणी रास्त वाटते. पण सॉकवर ती करता येत नाही. सॉकवर धरण नाही, १९७८ पासून ती संरक्षित नदी आहे, आणि तिथे लाकूड कुठे ठेवायचं ते नदीच ठरवते.

आमच्यातली एक मुलगी माशांची मोजणी करते, तेच तिचं काम. तिने मला एकदा अशाच एका ढिगावर पालथं झोपवलं आणि फटीतून खाली बघायला सांगितलं. खोडांच्या वरच्या अंगाला पाणी खवळलेलं, पांढरं, कानठळ्या बसवणारं. खालच्या अंगाला, माझ्या नाकापासून हातभरावर, काळाभोर निवांत डोह. डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं की त्या काळोखात सामनची बोटाएवढी पिल्लं, शेकडो जीव, एका दिशेला तोंड करून उभे आहेत, शेपट्या किंचित हलताहेत, बाकी हालचाल नाही. वरून एखादी माशी पडली की एकजण सुटायचा, गिळायचा आणि पुन्हा आपल्या जागी. ती म्हणाली, पुरात हे सगळे समुद्रात फेकले गेले असते, अजून त्यांचं वय नाही समुद्राचं. ज्या जाळीत माणूस अडकून मरतो तीच जाळी यांना धरून ठेवते. मी तोंड वर केलं तेव्हा गालावर सालीचे वळ उमटले होते आणि अंगरख्याला राळ चिकटली होती. ती राळ धुऊन जात नाही, त्या ड्रायसूटला, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या त्या अंगरख्याला, अजून आहे.

तर मे महिन्यातली ती खिंड. एडीत आम्ही सगळे जमलो आणि तिथेच वाद झाला. मासे मोजणारी भडकली होती. नदीतलं लाकूड हलवायचं तर राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची परवानगी लागते, आणि ही करवत काही परवानगीवाली दिसत नव्हती. डॅरिंग्टनचे गृहस्थ कापलेल्या तोंडाजवळ जाऊन काप बघून आले आणि म्हणाले, कापणारा शिकाऊ नव्हता, ताणाखालचं लाकूड कुठून सोडायचं ते त्याला ठाऊक होतं. पाण्यात उभं राहून, आडव्या झाडावर करवत चालवणं हे जीवावरचं काम. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. शिवाय, म्हणाले, आल्डरच आहे, दहा वर्षांचा पाहुणा, पुढच्या पुरात तसंही गेलं असतं. उन्हाळ्यात या पाण्यावर पोरं ट्यूब घेऊन येतात, त्यांना ना हेल्मेट ना काही; त्यांतलं एखादं वाचलं तर? यावर ती म्हणाली, त्यांच्यासाठी नदी कापायची की त्यांना नदी सांगायची? दोघंही खरं बोलत होते. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी खिंडीतून आले आणि मला मजा वाटली. त्यावर कोणीच काही बोललं नाही.

माझ्या कयाकमध्येही घडीची करवत असते, आम्हा सगळ्यांच्याच असते. ती कशासाठी याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, आणि त्या वादानंतर जास्तच. कोणाची नाव किंवा कोणाचं अंग लाकडात अडकलं, तर त्याला धरून ठेवलेली फांदी तोडायला. तेव्हा झाड कोणतं, किती वर्षांचं, त्याखाली कोणाचं घर, यातलं काही विचारायचं नाही. पण वाट रुंद करायला नाही. शंभर पावलं चालायचा कंटाळा हे कारण मला पुरेसं वाटत नाही. हे म्हणताना त्या खिंडीतली मजा मी विसरलेली नाही, आणि ट्यूबवाल्या पोरांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तरही नाही.

ऑक्टोबरात मामेभाऊ आला. पहिल्यांदाच परदेश, पहिल्यांदाच एवढी थंडी, आणि दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा, ‘ताई, तुमची नदी दाखव.’ पहिला पाऊस होऊन गेला होता, नदी जेमतेम चालण्याजोगी. त्याला राफ्टवर मागे बसवलं, वल्हं हातात दिलं. पाणी वाचण्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ आहे, लहानपणापासून पाण्यातच आहे. धार कुठे फुटते, कुठे उलटते, हे त्याला न बघता कळतं. पण पहिल्या ढिगापाशी आलो तेव्हा तो सरळ त्याच्याकडे निघाला, खडकाला लागून वळतो तसं वळायच्या बेताने, आणि मी ओरडले तेव्हा त्याने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. काठाला लागलो. राफ्ट रिकामी करून उचलायला घेतली. तो त्या ढिगावर चढून उभा राहिला, कमरेवर हात, आणि लाकडं मोजायला लागला.

‘ताई, एवढं लाकूड पडलंय नि कोणी नेत कसं नाय?’

सांगितलं, मासे. म्हणाला, ‘मग मासे तरी नेतात काय?’ अंडी घालून झाल्यावर मेलेले सामन गोट्यांच्या पट्ट्यावर पडले होते, पांढरे पडलेले, डोळे पक्ष्यांनी नेलेले, वास असा की बोलताना तोंडाने श्वास घ्यावा. त्याने नाकाला रुमाल लावला आणि एका माशाला वल्ह्याने उलटा केला. अर्ध्या हाताहून मोठा. घरी फुकट जाऊ दिलेल्या माशाकडे मामी ज्या नजरेने बघेल तीच नजर. मी मग त्याला फटीपाशी नेलं, पालथा झोप म्हटलं. झोपला. बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा पहिला प्रश्न माशांचा नव्हता. त्याने विचारलं की यात माणूस गेला तर बाहेर कसा काढता. मी दोर दाखवला, करवत दाखवली, पालथं होऊन चढायचं कसं ते ढिगावरच आडवं पडून करून दाखवलं. त्याने ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं, मग स्वतः केलं, हेल्मेट घालून, माझ्याहून नीट. ‘मोठ्या पुरात आम्ही नाव काढत नाय,’ म्हणाला, ‘पण वरनं एखादं झाड कधी आलंच, तर आमच्या पोरांना हे कोणी शिकवलं नाय.’ मग फोन काढून मला पुन्हा एकदा पडायला लावलं, व्हिडिओ घ्यायला. कोलाडच्या ग्रुपवर तो त्याच रात्री गेला. खाली पहिली कॉमेंट त्याच्या एका सोबत्याची होती: लाकूड भारी आहे, ताईला विचार, किती टन भरेल?